चाकांखालची वाट : न्यू फॉरेस्टमधील सायकलपर्यटनाचे मार्ग आणि सामाईक हक्कांचा इतिहास

प्रस्तावना

प्रवासाचा इतिहास लिहिताना वाहनाचा विचार सविस्तर होतो, प्रवाशाचाही होतो. वाटेचा मात्र क्वचितच होतो. वाट ही जणू आधीपासून तेथे होतीच, असे गृहीत धरले जाते. सायकलपर्यटनावरील लेखनात तर हे विशेष जाणवते. उंच चाकाची सायकल मागे पडून समान चाकांची ‘सेफ्टी’ सायकल कशी आली, हवा भरलेल्या टायरने काय क्रांती केली, स्त्रियांच्या वेशभूषेत काय बदल झाले, याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. पण ज्या रस्त्यांवरून ही चाके फिरली ते रस्ते कोणाचे होते, कोणी कशासाठी बांधले, आणि त्यांवरून जाण्याचा अधिकार सायकलस्वाराला कोठून मिळाला, हे प्रश्न बहुधा बाजूला राहतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार इंग्लंडमधील एका मर्यादित प्रदेशाच्या संदर्भात केला आहे. हॅम्पशर परगण्याच्या नैर्ऋत्येस, साउदम्प्टनची खाडी आणि सोलंटची सामुद्रधुनी यांच्या कवेत ‘न्यू फॉरेस्ट’ नावाचे अरण्य पसरले आहे. अरण्यातील लिंडहर्स्ट किंवा ब्रॉकनहर्स्ट या गावांपासून लिमिंग्टन, ब्यूली, लेप ही किनाऱ्याची ठिकाणे सायकलवरून एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. ओक-बीचची जुनी झाडी, हेदरने भरलेली माळराने, मोकळी चरणारी तट्टे आणि शेवटी मिठागरांचा सपाट किनारा असे वैविध्य थोडक्या अंतरात मिळत असल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा प्रदेश सायकलपर्यटकांच्या आवडीचा राहिला आहे. या पर्यटकांनी येथे स्वतःसाठी म्हणून जवळजवळ कोणतीच वाट निर्माण केली नाही. ते चालले ते दुसऱ्यांच्या कामासाठी झालेल्या वाटांवरून, आणि ही मोकळीक टिकून राहिली ती अरण्यातील गुरे चारणाऱ्या सामान्य माणसांच्या लढ्यामुळे, असे येथे मांडावयाचे आहे.

‘फॉरेस्ट’ या शब्दाचा अर्थ

‘फॉरेस्ट’ म्हणजे दाट झाडी, असा अर्थ आपण आज घेतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हा शब्द वनस्पतिशास्त्राचा नव्हता, कायद्याचा होता. राजाच्या शिकारीसाठी ज्या भूभागावर वेगळा कायदा लागू केला जाई, तो ‘फॉरेस्ट’. मग त्यात झाडे असोत, माळ असो, दलदल असो वा गावे असोत. विल्यम द कॉन्करर याने इ. स. १०७९ च्या सुमारास हा प्रदेश अशा रीतीने राखीव केला, असे परंपरेने मानले जाते. इ. स. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या महसुली पाहणीत ‘नोव्हा फोरेस्ता’ म्हणजे ‘नवे अरण्य’ या नावाने त्याची नोंद आहे. नऊशे वर्षांनंतरही ते नवेच म्हणवले जाते, ही गमतीची गोष्ट आहे. विल्यमचा मुलगा दुसरा विल्यम ऊर्फ रूफस हा इ. स. ११०० मध्ये याच अरण्यात शिकार करताना बाण लागून मेला. स्टोनी क्रॉसजवळचा ‘रूफस स्टोन’ हा त्याचा स्मारकस्तंभ अठराव्या शतकातील असून पुढे सायकलपर्यटकांच्या जवळपास प्रत्येक फेरीतील एक ठरलेला टप्पा झाला.

राजाच्या हरणांसाठी भूमी राखीव झाली तरी तेथे राहणाऱ्यांना उठवून लावणे शक्य नव्हते. त्यांना शेताभोवती उंच कुंपणे घालण्यास मनाई झाली, आणि त्याच्या बदल्यात गुरे-तट्टे अरण्यात मोकळी सोडण्याची पूर्वापार वहिवाट चालू राहिली. इ. स. १२१७ च्या ‘चार्टर ऑफ द फॉरेस्ट’ने अशा वहिवाटींना इंग्लंडभर संरक्षण दिले. न्यू फॉरेस्टमध्ये या सामाईक हक्कांचे प्रकार ठरून गेले : चराईचा हक्क, शरद ऋतूत ओक-बीचची फळे खाण्यासाठी डुकरे सोडण्याचा हक्क, जळणासाठी लाकूड घेण्याचा हक्क, गवताळ मातीची ढेकळे कापून इंधन म्हणून नेण्याचा हक्क आणि शेतासाठी चुनखडीयुक्त माती नेण्याचा हक्क. हे हक्क माणसाला नव्हे, तर त्याच्या घराला वा जमिनीला चिकटलेले असतात. आपल्याकडील गायरान, सरपण आणि गावठाणाचे हक्क डोळ्यांसमोर आणले म्हणजे या व्यवस्थेचे स्वरूप ध्यानात येते. मात्र येथे त्यांच्यासाठी ‘व्हर्डरर’ नावाच्या अधिकाऱ्यांचे स्वतंत्र न्यायालय होते, हा मोठा फरक आहे.

लाकूड, कुंपण आणि १८७७ चा कायदा

सतराव्या शतकाच्या अखेरीस राजसत्तेला हरणांपेक्षा जहाजांची अधिक चिंता वाटू लागली. आरमाराला ओकचे लाकूड हवे होते. १६९८ च्या कायद्याने न्यू फॉरेस्टमधील दोन हजार एकर जमीन कुंपण घालून लागवडीखाली आणण्यास व पुढे दरवर्षी त्यात भर घालण्यास परवानगी मिळाली. झाडे गुरांच्या तोंडाच्या वर गेली की कुंपण काढायचे आणि तितकीच जमीन दुसरीकडे कुंपणबंद करायची, अशी ही योजना होती. म्हणजे सारे अरण्य हळूहळू लागवडीखाली जाणार आणि चराईचे गवत सावलीत मरणार, हे उघड होते. ब्यूली नदीकाठच्या बकलर्स हार्ड या खेड्यात अठराव्या शतकात युद्धनौका बांधल्या जात. पुढे नेल्सनच्या हाताखाली आलेली ‘ॲगमेम्नॉन’ ही नौका येथेच १७८१ मध्ये पाण्यात उतरली. रुंद उताराचा रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना विटांच्या घरांच्या रांगा असे या खेड्याचे जे दृश्य आजचा प्रवासी ‘रम्य’ म्हणून पाहतो, ती वस्तुतः ओंडके रचण्याची आणि गडगडत नेण्याची जागा होती.

खरा संघर्ष उभा राहिला तो १८५१ च्या कायद्याने. या कायद्यान्वये राजसत्तेने अरण्यातील हरणे हटविण्याचे मान्य केले आणि त्या ‘त्यागा’च्या मोबदल्यात आणखी दहा हजार एकर जमीन कुंपणबंद करण्याचा अधिकार घेतला. हरणे गेली, पण हक्कदारांच्या वाट्याला चराई वाढण्याऐवजी कुंपणेच आली. जुनी झाडी तोडून सूचिपर्णी वृक्षांच्या सरळ रांगा लावल्या जाऊ लागल्या. ऱ्हाइनफील्डच्या रस्त्यालगतचे प्रचंड डग्लस फर आणि रेडवुड १८५९ मधील लागवडीचे आहेत. आज सायकलस्वार मान उंचावून ज्यांच्याकडे पाहतात ते हे वृक्ष उत्तर अमेरिकेतून आणलेले, बडे लोक बग्गीतून जाताना शोभा दिसावी म्हणून लावलेले आहेत.

या कुंपणांविरुद्ध दोन भिन्न प्रकारची माणसे एकत्र आली. एका बाजूला गुरे चारणारे हक्कदार व त्यांना पाठिंबा देणारे स्थानिक जमीनदार. दुसऱ्या बाजूला अरण्याच्या सौंदर्यासाठी हळहळणारे शहरी सुशिक्षित. या दुसऱ्या वर्गाची दृष्टी घडविण्यात बोल्डर या गावचा धर्मोपदेशक विल्यम गिल्पिन याचा मोठा वाटा होता. १७९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अरण्यशोभेवरील ग्रंथाने न्यू फॉरेस्टकडे चित्रासारखे पाहण्यास शिकविले. जॉन वाइझच्या १८६३ मधील न्यू फॉरेस्टवरील पुस्तकाने त्यात इतिहासाची भर घातली. पार्लमेंटमध्ये १८७१ साली हेन्री फॉसेट यांनी नवी कुंपणे व जुन्या झाडीची तोड थांबविण्याचा ठराव मांडून संमत करून घेतला. अखेर १८७७ चा न्यू फॉरेस्ट कायदा झाला. नव्या कुंपणांना आळा बसला आणि व्हर्डररांच्या न्यायालयाची पुनर्रचना होऊन ते राजाच्या हरणांचे नव्हे, तर हक्कदारांच्या हिताचे रक्षण करणारे झाले.

फॉसेट हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नसावे. केंब्रिजमधील अर्थशास्त्राचे हे अंध प्राध्यापक हिंदुस्थानच्या वित्तव्यवहारांवर पार्लमेंटमध्ये इतके सातत्याने बोलत की त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ असे संबोधले जाई. न्यू फॉरेस्टमध्ये वहिवाटीच्या हक्कांना कायद्याचे कवच मिळाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७८ मध्ये, हिंदुस्थानात वनकायदा आला आणि ‘राखीव’ जंगलांतील गावकऱ्यांची वहिवाट हक्क न राहता सवलत ठरली. पुणे सार्वजनिक सभेने या कायद्याला विरोध केला होता. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत भातरोपांसाठी लागणाऱ्या राबाच्या टहाळ्यांवरून असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गुरांचे चरण्याचे रान हिरावल्याची तक्रार याच काळात नोंदविली आहे. एकाच सत्तेने एका वर्षाच्या अंतराने दोन अरण्यांविषयी इतके विरुद्ध निर्णय घ्यावेत, याचे कारण न्यू फॉरेस्टच्या हक्कदाराला पार्लमेंटमध्ये आवाज होता आणि ठाण्याच्या वारल्याला तो नव्हता, एवढे साधे आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेचा परिसर ‘न्यू फॉरेस्ट’ याच नावाने ओळखला जातो. नाव मात्र तेवढे आले.

सायकलस्वारांचे आगमन

१८७८ या सालाला आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक महत्त्व आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हॅरोगेट येथे ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला. १८८३ मध्ये त्याचे नाव ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ असे झाले. १८९९ पर्यंत त्याची सभासदसंख्या ६० हजारांवर गेली होती. १८८५ च्या सुमारास बाजारात आलेली ‘रोव्हर’ सेफ्टी सायकल आणि १८८८ मधील डनलॉपचे हवेचे टायर यांमुळे सायकल हे साहसी तरुणांचेच वाहन राहिले नाही. स्त्रिया, मध्यमवयीन कारकून, शिक्षक, दुकानांतील नोकर यांच्याही ती आवाक्यात आली.

या पर्यटकांना रस्ते आयते मिळाले. रेल्वे आल्यावर टपालगाड्यांची वर्दळ संपली होती, टोलनाके मोडीत निघाले होते आणि रस्त्यांवरच्या खाणावळी ओस पडल्या होत्या. रिकाम्या रस्त्यांवर सायकलस्वार आले आणि या खाणावळींना पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. क्लबने सभासदांसाठी सवलतीचे दर ठरवून दिलेल्या खाणावळींच्या भिंतींवर पंख असलेल्या चाकाची लोखंडी पाटी लावली जाई. जुन्या इमारतींवर ती अजून कोठे कोठे आढळते. मार्गपुस्तके छापली गेली. त्यांत कोणत्या गावापासून कोणते गाव किती मैल, चढ किती तीव्र, पृष्ठभाग कसा, हे दिलेले असे. बार्थोलोम्यू कंपनीच्या अर्धा इंची नकाशांमधील रस्त्यांच्या दुरुस्त्या क्लबचे सभासद प्रत्यक्ष फिरून कळवीत. नकाशा हा तोपर्यंत लष्कराचा आणि जमीनदाराचा होता. तो कारकुनाच्या खिशात जाण्यास सायकल मोठ्या प्रमाणात कारण झाली.

या नव्या प्रवाशाचे उत्तम दर्शन एच. जी. वेल्स याच्या ‘द व्हील्स ऑफ चान्स’ (१८९६) या कादंबरीत होते. तिचा नायक हूपड्रायव्हर हा कापडदुकानातील गुमास्ता आहे. वर्षातून मिळालेल्या दहा दिवसांच्या रजेत तो जुन्या सायकलवरून इंग्लंडच्या दक्षिण भागात भटकतो आणि त्याच्या प्रवासाची अखेर न्यू फॉरेस्टमध्ये, रूफस स्टोनच्या परिसरात होते. वेल्सने स्वतः किशोरवयात कापडदुकानात उमेदवारी केली होती. रजेचे दिवस मोजणारा, आपल्या उच्चारांनी आपला वर्ग उघडा पडेल या भीतीत वावरणारा हा नायक ज्या रस्त्यावर काही काळ तरी कोणाचा नोकर नसतो, तो रस्ता सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. रूफस स्टोनपाशी संपणाऱ्या या कथेत राजाच्या शिकारीचे अरण्य गुमास्त्याच्या रजेचे अरण्य झालेले दिसते.

या मोकळिकीला कायद्याची चौकट होती. १८८८ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याच्या ८५ व्या कलमाने सायकलला ‘गाडी’ म्हणून मान्यता दिली. त्यामुळे स्थानिक अधिकाऱ्यांना सार्वजनिक रस्त्यांवरून सायकली हटविणे शक्य राहिले नाही. परंतु या मान्यतेची दुसरी बाजूही होती : सायकल ही गाडी ठरल्यामुळे पायवाटा आणि घोडेवाटा यांवर तिला हक्क उरला नाही. घोडेवाटांवरून जाण्याची मुभा इंग्लंडमधील सायकलस्वारांना मिळाली ती १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने, म्हणजे तब्बल ८० वर्षांनी.

रस्त्यावरची मोकळीक तर त्याआधीच आटली होती. रस्ते सुधारावेत म्हणून १८८६ मध्ये सायकल संघटनांनीच ‘रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ काढली होती. रस्ते सुधारले आणि त्यांवर मोटारी आल्या. या स्थित्यंतराचा एक प्रमुख पुरस्कर्ता न्यू फॉरेस्टचाच रहिवासी होता. ब्यूलीचे जॉन स्कॉट-मॉण्टेग्यू हे १८९२ पासून न्यू फॉरेस्टचे पार्लमेंट सभासद होते, मोटारींचे कट्टर समर्थक होते आणि १९०२ पासून त्यांनी मोटारविषयक साप्ताहिक चालविले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारचे यांत्रिक वाहतुकीचे सल्लागार म्हणून ते इकडे येत असताना ३० डिसेंबर १९१५ रोजी त्यांची ‘पर्शिया’ ही बोट भूमध्य समुद्रात बुडविली गेली; ते वाचले. त्यांच्या मुलाने १९५२ मध्ये ब्यूली येथे त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले मोटारींचे संग्रहालय आता राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्यामुळे ब्यूलीच्या मठाचे अवशेष पाहण्यासाठी येणाऱ्या सायकलस्वाराला प्रथम संग्रहालयाकडे जाणाऱ्या मोटारींतून वाट काढावी लागते.

सोडून दिलेल्या वाटा

मोटारींनी हमरस्ते व्यापल्यावर सायकलपर्यटक आतल्या वाटांकडे वळले. या वाटांचा उगम पाहिला तर न्यू फॉरेस्टचा दीडशे वर्षांचा आर्थिक व लष्करी इतिहास समोर येतो.

ब्रॉकनहर्स्टच्या पश्चिमेकडील मार्गाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. विम्बोर्न येथील वकील चार्ल्स कॅसलमन याच्या पुढाकाराने साउदम्प्टन ते डॉर्चेस्टर हा लोहमार्ग १८४७ मध्ये सुरू झाला. अरण्यातून तो इतकी वळणे घेत जाई की त्याला ‘कॅसलमनचा कॉर्कस्क्रू’ असे थट्टेचे नाव पडले. १८८८ मध्ये बोर्नमथकडे जाणारा सरळ लोहमार्ग झाला आणि जुन्या मार्गाचे महत्त्व उतरले; १९६४ मध्ये, बीचिंग अहवालानंतरच्या कपातीत, तो बंद झाला. रूळ उखडले गेले, पण चढउतार जवळजवळ नसलेला भराव राहिला. आज ब्रॉकनहर्स्टहून बर्लीकडे जाणारे सायकलस्वार त्याच्या काही भागावरून जातात आणि होम्झलीच्या जुन्या स्थानकाच्या इमारतीत चहासाठी थांबतात. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे म्हणून केलेली आखणी सायकलस्वाराच्या गुडघ्यांना मानवते; एका वाहनाची अडचण दुसऱ्याची सोय झाली.

ब्यूलीच्या पश्चिमेस हॅचेट मूर या माळावर सायकलचा मार्ग जातो तो दुसऱ्या महायुद्धातील विमानतळाच्या कडेच्या रस्त्यावरून. स्टोनी क्रॉसला तर धावपट्टीच्या सरळ रेषा अजून ओळखू येतात. कुंपणबंद लागवडीतील खडीचे रस्ते ओंडके वाहून नेण्यासाठी झाले. पहिल्या महायुद्धात लाकडाची गरज इतकी वाढली की तोडणीसाठी पोर्तुगालहून माणसे आणावी लागली. एमरी डाउनजवळ त्यांच्या छावणीच्या स्वयंपाकघराची चूल तेवढी स्मारक म्हणून उभी आहे. जंगलातील रस्त्याकडेला एकटी उभी असलेली ही चूल पाहून प्रवासी थबकतात.

ब्रॉकनहर्स्ट गावातही महायुद्धाची अशीच एक खूण आहे, आणि तिचा आपल्याशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी येथे लेडी हार्डिंग रुग्णालय उघडण्यात आले. गावातील मोठी हॉटेलेही त्यासाठी घेतली गेली. १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हलविल्यावर त्या जागी न्यूझीलंडचे रुग्णालय आले. सेंट निकोलस चर्चच्या आवारात न्यूझीलंडच्या नव्वदहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत आणि त्यांच्याजवळ तीन हिंदी सैनिकांच्या. गावातील एका रस्त्याचे नाव आजही ‘मीरत रोड’ आहे. मीरत डिव्हिजनचे ते नाव वाचून किती सायकलस्वारांना हिंदुस्थान आठवत असेल, हे सांगणे कठीण आहे.

किनाऱ्याकडील वाटांचा स्वभाव निराळा आहे. बोल्डरवरून लिमिंग्टनकडे जाणारे अरुंद रस्ते अरण्याबाहेरचे, दोन्ही बाजूंना दाट बांधांचे आहेत. गिल्पिनची कबर बोल्डरच्या चर्चच्या आवारात आहे. लिमिंग्टन ते कीहेवन हा सपाट किनारा म्हणजे जुनी मिठागरे. समुद्राचे पाणी उथळ वाफ्यांत उन्हाने घट्ट करायचे आणि मग लोखंडी कढयांत उकळायचे, अशी येथील पद्धत होती. पवनचक्क्यांनी पाणी वर चढविले जाई. कोकणात केवळ उन्हावर मीठ पिकते, तेथे उन्हाचा भरवसा नसल्यामुळे इंधन जाळावे लागे, आणि तेच शेवटी महाग पडले. चेशरच्या खाणींतील स्वस्त मिठाने व्यवसाय मोडला आणि १८६५ मध्ये शेवटचे मिठागर बंद झाले. आता तेथे पाणथळ पक्षी उतरतात. पुढे आठव्या हेन्रीने बांधलेला हर्स्टचा किल्ला चिंचोळ्या गोट्यांच्या दांड्यावर आहे. त्या गोट्यांवर सायकल चालत नाही. पूर्वेकडे लेपच्या किनाऱ्यावर १९४३-४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईसाठी ‘मलबेरी’ या तरत्या बंदराचे काँक्रीटचे भाग तयार झाले. त्यांचे चौथरे भरती ओसरल्यावर स्पष्ट दिसतात.

मुभा आणि हक्क

वरील विवेचनावरून असे वाटण्याचा संभव आहे की, सोडून दिलेल्या या वाटा निर्वेधपणे सायकलपर्यटकांच्या झाल्या. तसे झाले नाही. अरण्याच्या राजसत्तेच्या मालकीच्या भागात माणसाने पायी वा घोड्यावरून जवळजवळ कोठेही जावे. सायकलस्वाराने मात्र खुणा केलेल्या खडीच्या रस्त्यांवरूनच जावे, असा नियम आहे. असे सुमारे शंभर मैलांहून अधिक मार्ग असून चौकाचौकांत क्रमांक घातलेले खांब रोवलेले आहेत. १९२४ पासून या भूमीची व्यवस्था पाहणाऱ्या वनखात्याने दिलेली ही मुभा आहे, हक्क नव्हे. डोंगरी सायकली आल्यानंतर ती अधिक काटेकोर झाली. जमिनीवर घरटी करणारे टिटवी आणि कर्ल्यू यांसारखे पक्षी, चराईची नाजूक गवताळ मैदाने आणि मोकळी तट्टे ही त्यामागची कारणे आहेत.

२००५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर येणाऱ्यांची संख्या आणि अपेक्षा दोन्ही वाढल्या. २०१० नंतरच्या दशकात शेकडो, कधी हजारांवर सायकलस्वार एकाच दिवशी ठरलेल्या मार्गावरून वेगाने जाणाऱ्या सामुदायिक फेऱ्यांवरून येथे तीव्र वाद झाला. तट्टे बुजतात, गुरे हाकताना रस्ता अडतो, अशा हक्कदारांच्या तक्रारी होत्या. रस्त्यावर खिळे टाकल्याच्या बातम्याही आल्या. सायकलीला उत्तेजन देण्यासाठी २०१३ मध्ये उद्यान प्राधिकरणाला सरकारी निधी मंजूर झाला होता. त्यातील भाड्याच्या सायकलींची योजना २०१४ मध्ये विरोधामुळे मागे घ्यावी लागली. सायकलसमर्थकांचे म्हणणे असे की दरवर्षी तट्टे मरतात ती मोटारींखाली, सायकलींखाली नव्हे. मग राग सायकलींवरच का? वस्तुस्थिती म्हणून हा युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही प्रस्तुत लेखकाला हक्कदारांची अस्वस्थता समजण्यासारखी वाटते. घरांच्या किमती शहरी खरेदीदारांनी वाढविल्या, चराईचा हक्क असलेली घरे हक्कदारांच्या मुलांना परवडेनाशी झाली, आणि जनावरांचा व्यवसाय बहुधा तोट्याचा. अशा वेळी वेगाने निघून जाणारी शेकडो चाके त्यांना एका मोठ्या हानीचे दृश्य रूप वाटली असणार. मोटारीतला माणूस त्यांचा शेजारीही असू शकतो. क्रमांक लावून आलेला सायकलस्वार बहुधा बाहेरचाच.

यात एक विसंगती आहे आणि ती दोन्ही पक्षांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही. ज्या मोकळ्या माळांसाठी सायकलपर्यटक येतो ते माळ जनावरे चरतात म्हणूनच मोकळे आहेत. चराई थांबली तर काही दशकांत तेथे काटेरी झुडपे आणि बर्चची झाडी माजेल. दुसरीकडे, १८७७ चा कायदा हक्कदारांनी एकट्याने मिळविला नव्हता. शहरातून येऊन अरण्यावर लोभ करणाऱ्यांचे बळ त्यांच्या पाठीशी होते. फॉसेट हे न्यू फॉरेस्टचे नव्हते, आणि १८७५ मध्ये लंडनमध्ये अरण्याच्या बचावासाठी चित्रांचे प्रदर्शन भरविणारे चित्रकारही बहुतेक बाहेरचेच.

प्रत्येक हक्कदाराकडून वर्षाला जनावरामागे ठराविक शुल्क घेतले जाते आणि शुल्क भरल्याची खूण म्हणून तट्टाच्या शेपटीचे केस विशिष्ट आकारात कापतात. हे काम ‘ॲजिस्टर’ करतात. कोणत्या विभागाचे तट्टू कोणते, हे शेपटीवरून कळते. व्हर्डररांचे खुले न्यायालय लिंडहर्स्ट येथील जुन्या सभागृहात भरते. ऑगस्ट व डिसेंबर सोडून दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी ॲजिस्टर उभा राहून मोठ्याने पुकारा करतो आणि ज्याला निवेदन करावयाचे असेल त्याने पुढे यावे, असे सांगतो. हक्कदार असो वा नसो, कोणालाही बोलता येते. सायकलींच्या मार्गांविषयीचे गाऱ्हाणे असो वा रस्त्यावर मेलेल्या तट्टाचे, ते याच सभागृहात, त्याच बाकांसमोर मांडले जाते.